संथ धावणे आणि आरोग्य

शरीरश्रम हा एके काळी खेड्यातील जीवनाचा अविभाज्य भाग होता. विहिरीचे पाणी शेंदावे लागे, भात कांडावे लागे, बाजारहाटासाठी दोन-चार मैलांची पायपीट करावी लागे. डोक्यावर भारा घेऊन शेताच्या मेरेवरून चालत येणाऱ्या माणसास व्यायामाचे महत्त्व सांगण्याचे काही प्रयोजनच नव्हते. पुढे नळ, पंप, गिरणी व दुचाकी वाहने घरोघरी पोहोचली आणि या कष्टांतून माणसाची सुटका झाली. ही सुटका स्वागतार्हच होय. तथापि, कष्टांबरोबर शरीराची रोजची हालचालही गेली आणि तिची जागा घेणारे दुसरे काही आले नाही.

या उणिवेची किंमत आता स्पष्ट दिसू लागली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेहाने ग्रस्त असल्याचा अंदाज आहे. पाहणीत सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले. तेथे २६.४ टक्के प्रौढांस, म्हणजे दर चौघांमागे एकाहून अधिक व्यक्तींस, मधुमेह होता. वय, आनुवंशिकता व आहार ही या विकाराची कारणे आहेतच. परंतु शरीराला हालचाल नसणे हेही त्यांतील एक प्रमुख कारण असून, ते दूर करणे बऱ्याच अंशी माणसाच्या हाती आहे.

गेलेली हालचाल परत मिळविण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांपैकी धावणे हा सर्वांत कमी साधनांचा मार्ग होय. त्यासाठी यंत्र लागत नाही, वर्गणी लागत नाही की सवंगडीही लागत नाहीत. मात्र धावणे म्हटले की शर्यत, धापा आणि तारुण्य या तीन गोष्टी डोळ्यांपुढे येतात व प्रौढ माणूस त्यापासून दूर राहतो. ही समजूत योग्य नव्हे. आरोग्यासाठी वेगाने धावण्याची गरज नाही. फार अंतर धावण्याचीही गरज नाही. सावकाश, थोडे, परंतु नियमित धावणे पुरेसे होते. गेल्या सत्तर वर्षांतील वैद्यकीय अभ्यासातून हेच निष्पन्न झाले आहे.

चालक आणि कंडक्टर

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू झपाट्याने वाढत होते. त्यांचे कारण कोणास नीटसे उमगत नव्हते. जेरी मॉरिस या वैद्यकशास्त्रज्ञाने त्यासाठी लंडन शहराच्या बससेवेकडे लक्ष वळविले. तेथील दुमजली बसगाड्यांवर दोन प्रकारचे कर्मचारी असत. चालक पाळीचा बहुतेक वेळ आसनावर बसून काढी. कंडक्टर मात्र तिकिटे देण्यासाठी दिवसभर गाडीचा जिना चढे व उतरे. अशा पायऱ्यांची संख्या दिवसाला ५०० ते ७५० च्या घरात जाई. दोघांचे शहर एक, नोकरी एक, घरची परिस्थितीही साधारण सारखीच. फरक होता तो केवळ हालचालीचा.

सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांच्या आजारांची नोंद तपासून मॉरिस यांनी आपला निष्कर्ष १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. चालकांच्या तुलनेने कंडक्टरांस हृदयविकार कमी होत होता. झालाच तर तो उतारवयात होत होता आणि त्याचे स्वरूपही कमी तीव्र असे. टपाल खात्यातही हेच दिसले. पायी वा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन टेबलाशी बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा अधिक निरोगी होते.

लठ्ठ माणसेच चालकाची नोकरी पत्करीत असतील, अशी शंका घेणे स्वाभाविक होते. मॉरिस यांनी ती टाळली नाही. कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या गणवेशाच्या नोंदींवरून त्यांनी कमरेची मापे मिळविली. चालकांची कंबर सरासरीने मोठी होती, हे खरे. परंतु सडपातळ चालकांची सडपातळ कंडक्टरांशी आणि स्थूल चालकांची स्थूल कंडक्टरांशी तुलना करूनही कंडक्टरच सरस ठरले. शरीराचा बांधा कोणताही असो, हालचाल करणाऱ्यास तिचा लाभ मिळतो, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा धडा होय. मॉरिस स्वतःही नियमित व्यायाम करीत. १९१० मध्ये जन्मलेले हे संशोधक २००९ मध्ये, वयाच्या शंभरीच्या उंबरठ्यावर, निवर्तले.

ऑकलंडचा प्रयोग

हालचाल हितकर आहे हे लंडनमध्ये सिद्ध झाले. बैठे काम करणाऱ्या माणसाने ती कशी मिळवावी, या प्रश्नाचे उत्तर मात्र न्यूझीलंडमध्ये सापडले. ऑकलंड येथील बुटांच्या कारखान्यात काम करणारे आर्थर लिडियार्ड हे तरुणपणी एकदा मित्राबरोबर पाच मैल धावले असता त्यांची पुरती दमछाक झाली. स्वतःस सुदृढ समजणाऱ्या या माणसाला त्या दिवशी आपल्या प्रकृतीची खरी कल्पना आली. त्यानंतर अनेक वर्षे त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि लांब अंतर संथपणे धावल्याने शरीराची सहनशक्ती वाढते, या निष्कर्षाप्रत ते आले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या तीन शिष्यांनी पदके मिळविली. त्यांत दोन सुवर्णपदके होती.

लिडियार्ड यांचे खरे मोठेपण मात्र त्यानंतरच्या कार्यात आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास त्या काळी कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला दिला जाई. जी पद्धत खेळाडूंस उपकारक ठरली, तीच सौम्य स्वरूपात सामान्य माणसासही उपयोगी पडेल, असे लिडियार्ड यांचे मत होते. १९६२ च्या सुमारास ऑकलंडमध्ये बैठा व्यवसाय करणाऱ्या मध्यमवयीन लोकांचा एक गट त्यांच्या मार्गदर्शनाखाली धावू लागला. हृदयविकारातून उठलेले काही जणही त्यात होते. नियम एकच होता : शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावयाचे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बोवरमन ऑकलंडला आले आणि या गटाबरोबर धावावयास गेले. त्यांचे वय तेव्हा ५१ होते. स्वतः नामांकित प्रशिक्षक असूनही थोड्याच वेळात ते मागे पडले. सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके पचविलेले एक गृहस्थ केवळ त्यांना सोबत करण्यासाठी आपला वेग कमी करून गप्पा मारीत त्यांच्याबरोबर धावत राहिले. खेळाडूंस शिकविणारा स्वतः मात्र धावत नव्हता, ही गोष्ट बोवरमन यांच्या मनास लागली. मायदेशी परतल्यावर त्यांनी नागरिकांसाठी धावण्याचे वर्ग सुरू केले आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने त्या विषयावर पुस्तक लिहिले. ‘जॉगिंग’ हा शब्द जगभर रूढ झाला तो या काळापासून.

दीर्घकालीन नोंदी काय सांगतात

कोणत्याही व्यायामाचा खरा कस वर्षानुवर्षांच्या नोंदींवरच लागतो. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ मध्ये वयाची पन्नाशी गाठलेल्या व ओलांडलेल्या दोन गटांची पाहणी सुरू केली. एका गटात धावणाऱ्या मंडळांचे ५३८ सभासद, तर दुसऱ्यात तशाच वयाचे ४२३ निरोगी नागरिक होते. १९ वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर दुसऱ्या गटापैकी ३४ टक्के व्यक्ती मृत्यू पावल्या होत्या. आयुष्याच्या लांबीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. उठणे, कपडे घालणे, चालणे, वस्तू उचलणे या दैनंदिन कामांत परावलंबित्व येण्याचा काळ धावणाऱ्यांच्या बाबतीत कितीतरी वर्षे पुढे ढकलला गेला होता. वार्धक्य कोणास चुकत नाही. परंतु ते दुसऱ्याच्या आधाराने काढावयाचे की स्वतःच्या पायांवर, यात मोठेच अंतर आहे.

धावल्याने गुडघे झिजतात, असा समज सर्वत्र आहे. याच संशोधकांनी काही सभासदांच्या गुडघ्यांची क्ष-किरण छायाचित्रे सुमारे १८ वर्षे तपासली. धावणाऱ्यांच्या गुडघ्यांत संधिवाताचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले नाही.

किती धावावे, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतीलच डॅलस येथे झालेल्या मोठ्या पाहणीतून मिळते. ५५,१३७ प्रौढ व्यक्तींची सरासरी १५ वर्षांची माहिती अभ्यासून २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न धावणाऱ्यांच्या तुलनेने धावणाऱ्यांस कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका ३० टक्क्यांनी, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका ४५ टक्क्यांनी कमी होता. विशेष म्हणजे दिवसाकाठी अवघी ५ ते १० मिनिटे आणि तीही संथ गतीने धावणाऱ्यांसही या लाभाचा मोठा वाटा मिळाला होता.

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावावयास हवा. मुळात प्रकृतीने चांगली असलेली माणसेच धावावयास निघतात, हेही काही अंशी खरे आहे. वय, धूम्रपान, पूर्वीचे आजार यांचा हिशेब संशोधकांनी केलेला असला, तरी अशा तुलनेतून अखेरचा पुरावा मिळत नाही. तथापि, निरनिराळ्या देशांत व काळांत झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकाच दिशेचे असून शरीरशास्त्राचाही त्यांस आधार आहे.

शरीरात काय घडते

हृदय हा एक स्नायूच होय. इतर स्नायूंप्रमाणे तोही कामाने बळकट होतो. नियमित धावणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलते. त्यामुळे विश्रांतीच्या वेळी त्यास कमी ठोके द्यावे लागतात. याचा हिशेब शाळेतील मुलांनाही सहज करता येईल. मिनिटाला ७२ ठोके पडत असतील, तर दिवसाचे १,०३,६८० होतात. हीच गती ६० वर आली, तर ८६,४०० होतात. म्हणजे दिवसाला १७,२८० ठोक्यांचे काम वाचते. अर्धा तास धावताना मिनिटाला १३० ठोके पडले असे मानले, तरी त्यासाठी विश्रांतीच्या हिशेबाहून जेमतेम २,१०० ठोके अधिक खर्च होतात. उरलेले सारे शिलकीतच पडतात.

धावण्याने रक्तवाहिन्या लवचीक राहतात व रक्तदाब उतरण्यास मदत होते. मधुमेहाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी वेगळे आहे. रक्तातील साखर पेशींत शिरण्यासाठी एरवी इन्सुलिनची गरज असते. काम करणारा स्नायू मात्र इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातील साखर आत ओढून घेऊ शकतो. शिवाय व्यायामानंतर पुढील एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. म्हणूनच आठवड्यातून एकदाच तासभर धावण्यापेक्षा दिवसाआड थोडे धावणे मधुमेहाच्या दृष्टीने अधिक हितावह ठरते.

हाडांचेही तसेच आहे. पाऊल जमिनीवर पडताना शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार पायांवर येतो. हा भार बेताचा असेल व हळूहळू वाढत गेला असेल, तर हाडे त्यास प्रतिसाद म्हणून अधिक घट्ट बनतात. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, हाडे ठिसूळ होऊन किरकोळ पडण्यानेही मोडतात. तरुणपणी मिळविलेली हाडांची बळकटी पुढे कामी येते.

मनावरील परिणाम

धावण्याने मन प्रसन्न होते, हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. त्यामागील क्रिया अंशतः उलगडली आहे. धावताना शरीरात वेदना सौम्य करणारी व मनास स्वस्थता देणारी काही नैसर्गिक द्रव्ये तयार होतात. मेंदूकडे रक्ताचा पुरवठा वाढतो आणि मेंदूतील पेशींच्या वाढीस पोषक अशा प्रथिनाचे प्रमाणही वाढते. रात्री झोप शांत लागते. आणि पुरेशी झोप मिळालेल्या माणसास दुसऱ्या दिवशीच्या काळज्या थोड्या हलक्या वाटतात.

नैराश्य हा केवळ उदास स्वभाव नसून एक आजार आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ५० व त्याहून अधिक वयाच्या १५६ नैराश्यग्रस्त रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एकास औषध, दुसऱ्यास आठवड्यातून तीन दिवस भरभर चालण्याचा वा संथ धावण्याचा व्यायाम, तर तिसऱ्यास दोन्ही देण्यात आले. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसून आली. औषधाचा गुण लवकर दिसला. व्यायामाचा थोडा उशिरा. परंतु दहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा केवळ व्यायामाने बऱ्या झालेल्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण सर्वांत कमी आढळले.

यावरून औषधे सोडून धावावयास लागावे, असा निष्कर्ष कोणीही काढू नये. हे रुग्ण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते. मानसोपचारतज्ज्ञाने दिलेले औषध त्याच्या सल्ल्याशिवाय बंद करणे धोक्याचे असते. तथापि, उपचारास जोड म्हणून व्यायामाचे स्थान आता निर्विवाद आहे. घरात कोणी अबोल झाले असेल, माणसांत मिसळणे टाळीत असेल, तर त्यास चार उपदेश ऐकविण्यापेक्षा सकाळी हात धरून रस्त्यावर आणणे पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

प्रारंभ कसा करावा

आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा, असा दंडक वाग्भटाने फार पूर्वी घालून दिला आहे. लिडियार्ड यांचा बोलत धावण्याचा नियम म्हणजे एका अर्थी त्याचेच आधुनिक रूप होय. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे. शब्द तुटू लागले, तर तो कमी करावा. एवढे एक माप सांभाळले, तरी बहुतेक चुका टळतात.

ज्यांना मुळीच सवय नाही, त्यांनी पहिले दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास भरभर चालावे. ते सहज जमू लागल्यावर दिवसाआड पुढील क्रम ठेवावा. प्रथम एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे आणि असे सात-आठ वेळा करावे. दोन आठवड्यांनी दोन मिनिटे धावणे व दोन मिनिटे चालणे, त्यानंतर तीन मिनिटे धावणे व एक मिनिट चालणे, अशा रीतीने वाढ करीत जावे. दहा-बारा आठवड्यांत बहुतेक निरोगी माणसांस वीस मिनिटे न थांबता धावता येऊ लागते. एखादी पायरी जड वाटली, तर तीच आणखी एक आठवडा चालू ठेवावी. त्यात कमीपणा मानू नये. प्रारंभी व शेवटी पाच मिनिटे चालणे आवश्यक आहे. धावत असताना एकदम थांबून बसू नये.

पावले लहान टाकावीत. खांदे व मुठी सैल असाव्यात. जमीन शक्यतो मातीची वा गवताची निवडावी. पादत्राण महागडे असण्याची गरज नाही. मात्र ते पायास नीट बसणारे व टाचेस आधार देणारे असावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा. चार दिवस वीस-वीस मिनिटे धावल्यास ही किमान मर्यादा पूर्ण होते. ज्यांना तेवढेही शक्य नाही, त्यांनी जमेल तेवढे करावे. काहीच न करण्यापेक्षा थोडेसे केव्हाही चांगले, असे या शिफारशींतही नमूद केलेले आहे.

घ्यावयाची काळजी

ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब वा मधुमेह आहे, जे धूम्रपान करतात, किंवा ज्यांनी चाळिशी ओलांडली असून वर्षानुवर्षे व्यायाम केलेला नाही, त्यांनी प्रारंभापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रकृती तपासून घ्यावी. गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धावताना छातीत दुखणे वा दाटून येणे, वेदना हात किंवा जबड्याकडे जाणे, चक्कर येणे, छातीत अनियमित धडधड होणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी पडून राहण्याची चूक अनेकांच्या जिवावर बेतते.

इन्सुलिन अथवा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी खिशात गूळ वा साखर बाळगावी; घाम फुटून हातपाय थरथरू लागल्यास ती लगेच खावी. मधुमेह्यांनी अनवाणी धावू नये आणि रोज रात्री पावले तपासून पाहावीत. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते व लहानशी जखमही लक्षात न येता चिघळू शकते.

किनाऱ्यालगतच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीराची उष्णता बाहेर पडणे कठीण होते. चैत्र-वैशाखात सूर्योदयापूर्वीच धावणे उरकावे व पाणी भरपूर प्यावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटा टाळाव्यात. ताप असताना धावू नये. रस्त्याने जावे लागल्यास समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने जावे व पांढरे वा उजळ रंगाचे कपडे घालावेत. सांधा वा नडगी सतत दुखत असल्यास आठवडाभर विश्रांती घ्यावी आणि दुखणे न थांबल्यास डॉक्टरांस दाखवावे.

शाळा, पंचायत आणि मैदान

दूर अंतर पायी तोडण्याची परंपरा मराठी मुलखास नवी नाही. मराठेशाहीत महत्त्वाची पत्रे पोहोचविणारे जासूद पायीच मजला मारीत. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकरी वर्गातील अनवाणी धावणारे तरुण पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारताचा पहिला संघ गेला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी सुमारे ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळविला. आधुनिक साधने व शास्त्रशुद्ध प्रशिक्षण यांचा अभाव असतानाची ही कामगिरी आहे.

असे असूनही अनेक शाळांत धावण्याचा पहिला परिचय शिक्षा म्हणून होतो. गृहपाठ न केलेल्या मुलास मैदानाला पाच फेऱ्या मारावयास लावले, की धावणे म्हणजे अपमान हे त्याच्या मनात कायमचे ठसते. शिक्षकांनी ही प्रथा कटाक्षाने टाळावी. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटे व्यायाम मिळावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी पहिला-दुसरा क्रमांक काढण्याची गरज नाही. मागील महिन्यात दोन फेऱ्या धावणारे मूल या महिन्यात तीन फेऱ्या धावू लागले, तर तेच कौतुकास पात्र समजावे. अशा मोजमापाने वर्गातील सर्वांत मंद मुलासही यशाचा आनंद मिळतो.

मुलींचा प्रश्न याहून गंभीर आहे. प्राथमिक शाळेत मुलांच्या बरोबरीने धावणारी मुलगी आठवी-नववीत पोहोचताच मैदानाच्या कडेला उभी राहू लागते. हाडे बळकट होण्याचा हाच काळ असतो. तिला सोयीचा पोशाख, स्वच्छतागृह आणि टोमण्यांपासून संरक्षण मिळाले, तर ती धावणे सोडणार नाही. घरच्या स्त्रियांसही सकाळी अर्धा तास मोकळा मिळावा, ही कुटुंबाची जबाबदारी होय. चार-पाच जणींनी मिळून धावावयास सुरुवात केल्यास संकोच लवकर मावळतो.

यात स्थानिक संस्थांचे कामही मोठे आहे. शाळेचे मैदान सकाळी व सायंकाळी ग्रामस्थांसाठी उघडे ठेवणे, कडेने धावण्याची वाट साफ करणे, एक-दोन दिवे व पाण्याची सोय करणे यांस फारसा खर्च येत नाही. कुलूप लावलेले मैदान गावाच्या आरोग्यास काहीच देऊ शकत नाही.

लंडनच्या कंडक्टरांनी आरोग्यासाठी म्हणून जिने चढले नव्हते. ते त्यांच्या कामाचा भाग होते. खेड्यातील पूर्वजांचेही तसेच होते. यंत्रांनी ते काम हलके केले. म्हणून आता तोच लाभ जाणीवपूर्वक मिळवावा लागणार आहे. त्यासाठी लागणारा वेळ दिवसाकाठी वीस मिनिटांचा आहे, वेग गप्पा मारीत जाण्याइतका आहे आणि वयाची अट मुळीच नाही. उद्या सकाळी घराबाहेर पडून शेजाऱ्याच्या दारापर्यंत धावत जावे व त्यालाही हाक मारावी. प्रारंभ एवढ्यानेही होऊ शकतो.